प्रोटीनचे क्रिस्टल घेऊन सिंक्रोट्रॉनवर जाताना: ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या संशोधकांसाठी

प्रोटीनचे क्रिस्टल आले, आता पुढे काय, असं विचारणारे विद्यार्थी आपल्या ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात बरेच भेटतात. कुणी खारघरला पीएचडीला लागलेलं असतं, कुणी ठाण्यातल्या कॉलेजात एमएस्सीचा प्रकल्प करत असतं, कुणी महापे-रबाळेकडच्या एखाद्या औषध कंपनीत नुकतं रुजू झालेलं असतं. सिंक्रोट्रॉनचं, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्राचं, नाव काढलं की ‘ते मोठ्या संस्थांचं काम, आपल्याला कोण विचारतंय’ असा सूर लागतो. हा समज आधी डोक्यातून काढा. ही यंत्रं सामायिक आहेत आणि त्यांच्यावरचा वेळ अर्ज करून मिळतो. समिती तुमचा प्रश्न आणि तुमची तयारी बघते. खरी कसोटी नंतर लागते: मिळालेल्या आठ तासांच्या शिफ्टमधून काहीतरी हाती लागलं पाहिजे. त्यामुळे या लेखातला मोठा भाग बीमलाइनवर पाऊल ठेवण्याआधीच्या कामाचा आहे.

यंत्राची ओळख थोडक्यात करून घेऊ. इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एका निर्वात कड्यातून फिरत असतात. चुंबक त्यांना वळवतात आणि वळताना ते क्ष-किरण बाहेर टाकतात. कड्याला स्पर्शरेषेत निघणारी एकेक वाट म्हणजे एकेक बीमलाइन. तिथे हे किरण क्रिस्टलवर सोडतात आणि डिटेक्टरवर उमटणाऱ्या ठिपक्यांवरून प्रोटीनची रचना काढतात. आपल्या देशातलं यंत्र इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात आहे, इंडस-2. त्याची ऊर्जा 2.5 जीईव्ही आणि परीघ सुमारे 172 मीटर. तिथली पीएक्स-बीएल21 ही बीमलाइन प्रोटीन क्रिस्टलोग्राफीसाठी आहे आणि ती उभारली आपल्या खाडीपलीकडच्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने. फ्रान्समध्ये ग्रनोबलला ईएसआरएफ हे युरोपीय सिंक्रोट्रॉन आहे, 6 जीईव्हीचं, परीघ 844 मीटर. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या कराराखाली भारतीय गट तिथे काम करत आले आहेत. आधीच्या काळात बीएम14 ही बीमलाइन त्यासाठी ओळखली जायची. इटलीत ट्रिएस्टच्या एलेट्रा या सिंक्रोट्रॉनमधली एक्सआरडी2 बीमलाइनही भारताच्या भागीदारीतून उभी राहिली.

प्रयोगशाळेतल्या क्ष-किरण यंत्रापेक्षा इथे काय वेगळं? दोन गोष्टी. किरणांची तीव्रता कितीतरी पटींनी जास्त असते, त्यामुळे 20-30 मायक्रॉनच्या क्रिस्टलमधूनही डेटा मिळू शकतो. आणि तरंगलांबी आपल्याला हवी ती निवडता येते. तांब्याच्या अॅनोडवर चालणाऱ्या यंत्रात 1.54 अँगस्ट्रॉमवर अडकून पडावं लागतं. सेलेनियम घातलेल्या प्रोटीनसाठी सिंक्रोट्रॉनवर तुम्ही 0.979 अँगस्ट्रॉमच्या आसपास जाता आणि रचनेचं कोडं मुळापासून सोडवता.

पहिली पायरी: प्रश्न पक्का करा

क्रिस्टल बनवायला घेण्याआधी प्रोटीन डेटा बँक उघडा. 1971 साली ती सुरू झाली तेव्हा तिच्यात 7 रचना होत्या, आज 2 लाखांहून जास्त आहेत. तुमच्या प्रोटीनची किंवा त्याच्या जवळच्या नातलगाची रचना तिथे असेल, तर तुमचा प्रश्न बदलतो. मग रेणू दिसतो कसा, हे विचारण्यात अर्थ उरत नाही. हे औषध नेमकं कुठे बसतं, हा बदल झाला की काय हलतं, असं काहीतरी विचारावं लागतं. रचना नसेल तर अल्फाफोल्ड या संगणकीय प्रणालीकडून रचनेचा अंदाज काढून घ्या. त्याच्या मागे असलेल्या हसाबिस आणि जंपर यांना 2024 सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि तो अंदाज आज रोजच्या कामात उपयोगी पडतो. डेटा आल्यावर सुरुवातीचं मॉडेल म्हणून तोच वापरता येतो. पण औषध जोडलेलं प्रोटीन, विचित्र म्युटेशन किंवा दोन प्रोटीनांची जोडी असेल तर प्रत्यक्ष डेटाला पर्याय नाही.

प्रश्न एका वाक्यात मांडता येत नसेल तर अर्ज करू नका. गाइडशी बसून तो आधी घासूनपुसून घ्या.

दुसरी पायरी: प्रोटीन आणि क्रिस्टल

यावर पुस्तकं आहेत, म्हणून मी इथे रेंगाळत नाही. जेलवर एकच ठळक पट्टा दिसला पाहिजे आणि जेल फिल्ट्रेशनच्या कॉलममधून एकच सरळ शिखर निघालं पाहिजे. मिलीलिटरला 5 ते 15 मिलिग्रॅम एवढ्या प्रमाणापासून सुरुवात करतात. 96 खाचांच्या प्लेटमध्ये वेगवेगळी द्रावणं लावून वाट बघायची. आपल्याकडे सांभाळायची गोष्ट म्हणजे तापमान. प्लेट 20 अंशांच्या इनक्युबेटरमध्ये असेल आणि पावसाळ्यात दुपारी दोन तास लाइट गेली, तर थेंबातलं सगळं गणित बिघडतं. इनक्युबेटर यूपीएसवर आहे का, हे आजच बघून घ्या.

क्रिस्टल दिसला की हुरळून जाऊ नका; तो मिठाचा असू शकतो. बारीक सुईने दाबून बघा. प्रोटीनचा क्रिस्टल सहज चुरतो, कारण त्याच्या आकारमानातला साधारण निम्मा भाग पाणीच असतो. मिठाचा टणक लागतो, कधी कट् असा आवाजही येतो.

तिसरी पायरी: घराजवळ तपासणी

सिंक्रोट्रॉनवर न तपासलेले क्रिस्टल नेणं म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी वेळ वाया घालवणं. या बाबतीत आपण नशीबवान आहोत. खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या अॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात प्रोटीन क्रिस्टलोग्राफीचं काम चालतं, पवईला आयआयटीत चालतं, ट्रॉम्बेला भाभा केंद्रात चालतं. तुमच्या कॉलेजात यातलं काही नसेल, तर गाइडमार्फत रीतसर पत्र पाठवा. पत्रात प्रोटीन कोणतं, क्रिस्टल केवढे, किती, आणि नेमकं काय तपासायचं आहे हे चार ओळींत लिहा. ‘आपल्या संस्थेत येऊन शिकण्याची इच्छा आहे’ एवढंच लिहिलेल्या पत्राला उत्तर येणं कठीण.

तपासणीत काय बघायचं? डिटेक्टरवरच्या चित्रात मोजके, एकमेकांपासून लांब लांब आणि झगझगीत ठिपके दिसले तर ते मीठ. दाटीवाटीने, रांगेत बसलेले ठिपके दिसले तर ते प्रोटीन. हे ठिपके मध्यापासून किती बाहेरपर्यंत जातात त्यावरून रिझोल्यूशन, म्हणजे किती बारीक तपशील दिसेल ते, कळतं. आकडा जितका लहान तितकं चांगलं. घरच्या, म्हणजे जवळच्या प्रयोगशाळेतल्या, यंत्रावर 3.5 अँगस्ट्रॉमपर्यंत ठिपके दिसले तर सिंक्रोट्रॉनवर त्याहून चांगलं मिळण्याची आशा धरता येते. 8-10 अँगस्ट्रॉमलाच सगळं संपत असेल तर बहुतेक वेळा क्रिस्टलच सुधारावा लागतो. क्रिस्टलच्या आतच रेणू नीट रांगेत नसतील तर जगातला कितीही प्रखर बीम त्यांना रांगेत आणत नाही.

चौथी पायरी: अर्ज

बहुतेक केंद्रं वर्षातून ठरावीक वेळा अर्ज मागवतात. ईएसआरएफसारख्या ठिकाणी नेहमीच्या अर्जांच्या वर्षाला दोन मुदती असतात. निकाल प्रकाशित करायचे असतील आणि समितीने अर्ज मान्य केला असेल तर बीमटाइमसाठी पैसे घेतले जात नाहीत. कंपनीचं गोपनीय काम असेल तर शुल्क भरावं लागतं, तो मार्ग वेगळा.

अर्ज दोन-तीन पानांचा असतो. विज्ञानाची पार्श्वभूमी एका परिच्छेदात आटपा. समितीतल्या माणसाला जास्त रस असतो तो यात: क्रिस्टलचा फोटो, त्यावर मायक्रॉनची पट्टी, घरच्या यंत्रावरचं चित्र आणि त्यातलं रिझोल्यूशन, युनिट सेल (क्रिस्टलमध्ये पुन्हा पुन्हा येणारा ठोकळा) आणि स्पेस ग्रुप (त्यातली सममिती), फेजचा, म्हणजे ठिपक्यांत न उमटणाऱ्या लहरींच्या टप्प्याचा, प्रश्न कसा सोडवणार, आणि किती शिफ्ट हव्यात, त्या का. शिफ्टची मागणी फुगवू नका. आधुनिक बीमलाइनवर एका क्रिस्टलचा पूर्ण डेटा एका मिनिटाच्या आत निघू शकतो, आणि हे समितीला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. एका प्रकल्पासाठी अख्खी शिफ्ट मागण्याऐवजी आसपासच्या दोन-तीन गटांनी एकत्र अर्ज केला तर तो जास्त पटतो. ठाणे, नवी मुंबई, मुंबई इतक्या जवळजवळच्या प्रयोगशाळांना हे सहज जमण्यासारखं आहे.

यंत्राचं वेळापत्रक आधी बघा. मोठ्या सुधारणेसाठी ही केंद्रं दीर्घकाळ बंद असतात. ईएसआरएफ 2018च्या डिसेंबरपासून 2020च्या ऑगस्टपर्यंत वापरकर्त्यांसाठी बंद होतं. पीएचडीचं तिसरं वर्ष अशा काळात आलं तर पर्याय हाताशी हवा.

पाचवी पायरी: क्रिस्टल गोठवणं

माझ्या मते या सगळ्या प्रवासात सर्वांत जास्त क्रिस्टल इथे मरतात, आणि आपल्या हवेत तर विशेष. म्हणून ही पायरी सावकाश वाचा.

क्ष-किरणांनी क्रिस्टल जळतो. 100 केल्विनला, म्हणजे उणे 173 अंशांना, ठेवला तर तो कितीतरी जास्त काळ टिकतो. त्यासाठी क्रिस्टल नायलॉनच्या बारीक फासात, म्हणजे लूपमध्ये, उचलून द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवायचा. आतलं पाणी बर्फ न होता काचेसारखं घट्ट झालं पाहिजे. बर्फाचे कण तयार झाले तर क्रिस्टल तडकतो आणि चित्रात 3.9, 3.67, 3.44 अँगस्ट्रॉमला जाड वर्तुळं उमटतात. हे टाळण्यासाठी क्रिस्टल ज्या द्रावणात वाढला त्यातच 20 ते 30 टक्के ग्लिसरॉल किंवा इथिलिन ग्लायकॉल मिसळून क्रिस्टल त्यात काही सेकंद ठेवतात. किती टक्के, हे आधी नुसत्या द्रावणावर तपासा: थेंब लूपमध्ये घेऊन बुडवा. पारदर्शक राहिला तर बरोबर, दुधी झाला तर प्रमाण वाढवा.

आता हात कसा चालवायचा ते. लूप क्रिस्टलच्याच मापाचा घ्या. मोठ्या लूपमध्ये द्रावण जास्त येतं आणि थंड व्हायला वेळ लागतो. फोमचं भांडं काठोकाठ भरा. अर्धवट भरलेल्या भांड्यात द्रवाच्या वर थंड वायूचा थर साचतो, क्रिस्टल त्यातून जाताना हळूहळू गार होतो आणि नेमका तेव्हाच बर्फ धरतो. बुडवण्याआधी पृष्ठभागावर हलकीशी फुंकर मारून तो थर बाजूला करा आणि मग एका झटक्यात, सरळ खाली. मध्ये थबकायचं नाही.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेतली आर्द्रता 80-90 टक्क्यांच्या घरात असते. नायट्रोजनच्या भांड्यावर पांढरे कण तरंगताना दिसतात, तो हवेतल्या वाफेचा बर्फ असतो आणि तोच लूपला चिकटतो. गोठवण्याचं काम एसी आणि डीह्युमिडिफायर चालू असलेल्या छोट्या खोलीत करा. भांड्यावर झाकण ठेवा, नायट्रोजन अर्ध्या तासाने बदला. चिमटे एकदा द्रवात जाऊन बाहेर आले की त्यांच्यावर पाणी धरतं. पुढच्या वेळी ते पाणी बर्फ होऊन तुमच्या पकमध्ये, म्हणजे गोठवलेले क्रिस्टल ठेवायच्या डबीत, पडतं. साधा हेअर ड्रायर टेबलाशेजारी ठेवा आणि दर वेळी चिमटा कोरडा करून मगच आत घाला. शक्य असेल तर हे काम डिसेंबर-जानेवारीत उरका.

नायट्रोजन हाताळताना जिवाची काळजी घ्या. एका लिटर द्रवाचा साधारण 700 लिटर वायू होतो आणि तो खोलीतला ऑक्सिजन बाजूला सारतो. वास नाही, रंग नाही, कळतसुद्धा नाही. भरलेला ड्यूअर, म्हणजे नायट्रोजनचं थर्मासासारखं भांडं, लिफ्टमधून न्यायचा तर ड्यूअर एकटा पाठवा आणि माणूस जिन्याने. खिडकी उघडी नसलेल्या खोलीत एकट्याने काम करू नका. सुरक्षेचा चष्मा लावा, आणि सँडल-चपला नको, पूर्ण बंद बूट हवेत.

सहावी पायरी: तक्ता आणि प्रवास

लूप ज्या दांडीच्या टोकाला असतो ती पिन. पिन पकमध्ये बसतात, युनिपक या प्रकारच्या पकमध्ये 16. पकचा क्रमांक, पिनचा क्रमांक, प्रोटीन, द्रावण, क्रिस्टलचा आकार, गोठवल्याची तारीख, शेरा असा तक्ता गोठवतानाच भरा. नंतर आठवून लिहिलेल्या तक्त्यावर पहाटे तीन वाजता कुणाचाही विश्वास बसत नाही. नावं छोटी ठेवा, रिकाम्या जागा आणि मराठी अक्षरं नकोत, कारण बीमलाइनचं सॉफ्टवेअर ती घेत नाही. कोणता पक कोणत्या केंद्रावर चालतो, हे बीमलाइनच्या शास्त्रज्ञाला ईमेल करून विचारा.

क्रिस्टल ड्राय शिपरमधून, म्हणजे प्रवासासाठीच्या थंड भांड्यातून, जातात. त्याच्या भिंतीतला सच्छिद्र पदार्थ द्रव शोषून घेतो, त्यामुळे मोकळा द्रव आत उरत नाही. नवा शिपर एका दमात भरत नाही. पुन्हा पुन्हा भरून रात्रभर ठेवा, सकाळी उरलेला द्रव ओतून टाका आणि वजन करा. मग रोज वजन करून किती घटतं ते लिहा. घट अचानक जास्त दिसली तर शिपरचं निर्वात आवरण गेलंय असं समजा, आणि त्यात क्रिस्टल भरू नका.

परदेशी पाठवायचं तर कुरिअर आणि सहारच्या कार्गोतले कस्टम्सचे कागद यांत आठवडे जाऊ शकतात. पदार्थ काय, विषारी किंवा संसर्गजन्य नाही, विक्रीसाठी नाही, परत येणार आहे, असं संस्थेच्या पत्रशीर्षावर लिहून घ्या आणि खरेदी विभागाला महिनाभर आधी गाठा. इंदूरला जाताना मला स्वतःला गाडीच बरी वाटते. ठाण्याहून नाशिक-धुळ्यावरून साडेपाचशे-सहाशे किलोमीटर पडतात, आणि शिपर सरळ उभा राहतो की नाही ते आपल्या डोळ्यांसमोर असतं. गाडीची काच थोडी खाली ठेवा. रेल्वेने किंवा विमानाने न्यायचा असेल तर परवानगी आधी लेखी मागा. इंदूरचं केंद्र अणुऊर्जा विभागाचं आहे, म्हणून प्रवेशाची कागदपत्रंही खूप आधी पाठवा, आणि लॅपटॉप, हार्ड डिस्क आत नेण्याचे नियम विचारून घ्या.

सातवी पायरी: बीमलाइनवर

पोचल्यावर सुरक्षेचं प्रशिक्षण आणि छातीवर लावायचा, किरणांची मात्रा मोजणारा डोसिमीटर. क्रिस्टल जिथे बसतो ती शिशाच्या भिंतींची खोली म्हणजे हच. बाहेर येताना आतली सर्च बटणं ठरलेल्या क्रमाने दाबत यायचं, कोपरान् कोपरा डोळ्यांनी बघायचा, मग दार लावायचं. भोंगा वाजतो, दिवा बदलतो आणि त्यानंतरच शटर उघडतं. क्रम चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. घाई असली तरी हे कंटाळून करू नका.

आता बऱ्याच ठिकाणी यंत्रमानव पिन उचलून बसवतो आणि घणसोलीच्या घरात बसून ग्रनोबलची बीमलाइन चालवता येते. तरी पहिल्यांदा प्रत्यक्ष जावं असं माझं ठाम मत आहे. डिटेक्टर कुठे आहे, थंड हवेचा झोत कुठून येतो हे एकदा बघितलं की पडद्यावरच्या गडबडी चटकन कळतात.

क्रम असा ठेवा. क्रिस्टल पडद्यावर मध्यात आणा, फिरवून बघा, तो जागेवरून हलता कामा नये. 90 अंशांच्या अंतराने दोन चित्रं घ्या. बर्फाची वर्तुळं, दुहेरी ठिपके, एका दिशेला चांगलं आणि दुसऱ्या दिशेला वाईट असं काही दिसतं का ते तपासा. मग सॉफ्टवेअरला स्ट्रॅटेजी विचारा: कुठून सुरुवात, किती अंश, किती एक्स्पोजर. तक्त्यातले सगळे क्रिस्टल असे आधी चाळून घ्या आणि त्यातल्या सर्वांत चांगल्यावर पूर्ण डेटा घ्या. पहिलाच बरा निघाला म्हणून त्याच्यावरच शिफ्ट घालवण्याचा मोह होतो, तो आवरा.

पूर्ण बीम वापरण्याची हौसही आवरा. 100 केल्विनलाही क्रिस्टलची सहनशक्ती साधारण 30 मेगाग्रेपर्यंतच (ग्रे हे शोषलेल्या किरणांच्या मात्रेचं एकक) मानली जाते. त्याच्या कितीतरी आधी डायसल्फाइड बंध तुटायला लागतात, अॅस्पार्टेट-ग्लुटामेटच्या टोकाचे कार्बोक्सिल गळतात. एंझाइमच्या सक्रिय जागीच असा अमिनो आम्ल असेल तर तुम्ही जळलेल्या रेणूवरून जीवशास्त्राचा निष्कर्ष काढाल. बीम कमी करून पूर्ण फेरी घेतलेली बरी.

शिफ्ट संपण्याआधी डेटा प्रोसेस करून बघा. तिथल्या स्वयंचलित यंत्रणा बहुधा ते करून देतात, पण आकडे तुम्ही वाचायचे: पूर्णता 100 टक्क्यांच्या जवळ आहे का, बाहेरच्या थरात सीसी-हाफ (डेटाचे दोन अर्धे एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) कुठवर टिकतो, स्पेस ग्रुप अर्जात लिहिला होता तोच निघाला का. काही राहिलं असेल तर क्रिस्टल अजून हाताशी असतो. घरी पोचल्यावर ही सोय नसते. डेटाच्या दोन प्रती करा, दोन वेगळ्या डिस्कवर, आणि त्या दोन वेगळ्या माणसांच्या बॅगेत ठेवा.

परत आल्यावर

मॉडेल बसवणं, सुधारणं यात महिने जातात. रचना तपासताना रामचंद्रन आलेख काढाल; प्रोटीनच्या साखळीतले कोन शक्य आहेत का ते तो दाखवतो. जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 साली मद्रासला मांडलेलं हे काम आज जगातल्या प्रत्येक प्रोटीन रचनेला लावलं जातं, आणि आपल्या मुलांना ते पाठ्यपुस्तकातलं एक चित्र वाटावं याचं मला वाईट वाटतं. त्यात नको त्या भागात पडलेला प्रत्येक अमिनो आम्ल डोळ्यांनी बघा. सॉफ्टवेअर चुकतं.

रचना प्रोटीन डेटा बँकेत जमा करा, शोधनिबंधात बीमलाइनचं नाव आणि प्रस्तावाचा क्रमांक लिहा, केंद्राला अहवाल वेळेवर पाठवा. अहवालात न जमलेलंही लिहा: किती पिनवर बर्फ निघाला, कोणत्या द्रावणातले क्रिस्टल प्रवासात गेले. पुढच्या अर्जाबरोबर समिती आधीचा अहवाल वाचते, आणि तुमच्या गटातून पुढच्या पावसाळ्यात क्रिस्टल गोठवायला बसणाऱ्या मुलीलाही तो लागणार आहे.